डोकं खाली, पाय वर

नगर,
६ जानेवारी १९७४

प्रिय आत्या,

सलाम. उभी असशील तर आधी बस. माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरतंय! शाळेच्या पोरींचं नाही, माझं, माझ्या एकटीचं. वाचनालयाच्या माडीवरचा हॉल फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी मला मिळालाय. बारा वर्षं फळ्यावर आंबा, किटली आणि कोपऱ्यात टेकवलेली छत्री काढणाऱ्या ड्रॉइंगच्या बाईंना असं काही सुचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

चित्रं रंगाची नाहीत, मेणाची आहेत. पुण्याला ट्रेनिंगला होते तेव्हा एका म्हाताऱ्या सरांनी ही रीत शिकवली होती. मेण स्टोव्हवर वितळवायचं, त्यात थोडी राळ आणि काजळी घोटायची, गरम आहे तोवर फळीवर फासायचं, वरून कोळशाची इस्त्री फिरवायची. गार झालं की दाभणानं खरवडायचं. हात भाजतात, साडीला डाग पडतात आणि घरमालकीण रोज विचारते, बाई, आज काय जाळलं? बाजारातलं मेण चालत नाही, त्यात भेसळ फार. माझी सगळी चित्रं आग्याची आहेत. तुमच्या वाडीतला कानिफनाथ कड्यावरून आणून देतो ना, तेच.

तुला खरं सांगते, चित्रं काळी आहेत. अंधारातली. त्यात माणसं डोकं खाली, पाय वर करून चालतात, बैल आभाळाला खूर लावून नांगर ओढतात. आमच्या हेडबाईंनी एक पाहिलं आणि विचारलं, "दयाबाई, जेवणखाण वेळेवर करता ना?"

आता मुद्दा. आप्पांनी येऊन प्रार्थना करावी आणि प्रदर्शन उघडावं. मला कुणी साहेब नको, नगराध्यक्ष नको. आपल्या शांतवनला पुण्याच्या कारखान्यातून रजा नाही, म्हणजे भाऊ येणार नाही; घरचे तुम्ही दोघंच. आप्पांनी माझं एकही चित्र आजवर पाहिलेलं नाही. सगळं नगर लोटलं आणि आप्पा आले नाहीत, तर मला त्याचा काय उपयोग? मी त्यांनाच लिहिणार होते, पण त्यांना पत्र लिहायला घेतलं की अजून ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीनं घाम फुटतो. तेव्हा तूच त्यांचा मूड बघून सांग. निमंत्रणपत्रिका महिनाअखेर छापायला जायची आहे, त्याआधी 'हो' कळव.

तुझी,
दया


जांभळदरा, ता. पारनेर
१३ जानेवारी

पोरी दया,

तुला बनुआत्याचा सलाम. तुझं पत्र आलं आन् घरात आग लागली बघ. सगळा इस्कोट त्या तुझ्या आग्यानं केला हाय.

झालं असं. पोस्टमन आला तवा मी आंगनात बसल्ये हुते आन् छबूबाई शेजारी बाजरी पाखडत हुती. मी आपलं कौतुकानं पत्र मोठ्यांदा वाचाय लागले. मला काय म्हाईत हिचं कान सुपातनं बी ऐकत्यात! मी वाचलं, "माझी सगळी चित्रं आग्याची आहेत." फुडं काळी, अंधारातली, मानसं उलटी. छबूबाईचं सूप जाग्यावर थांबलं. "अगं बया, आग्या येताळ काढला व्हय पोरीनं?" मी म्हनलं गप गं, पन ऐकती कुटं? सांजच्याला गिरनीवर गेले तर तितं माझ्या आदी बातमी जाऊन बसल्याली. मास्तराची दया नगरात आग्या येताळाला पुजती आन् त्याच्या म्होरं मानसं उलटी टांगती! उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिशी चर्चच्या मंडळीचं पंच आसाराम आलं. दादाला म्हनलं, "मास्तर, लोक काय काय बोलत्यात. पोरीला समजवा. आपल्या देवळात असलं चालायचं न्हाई." आसाराम गेल्यावर दादानं माझ्याकडनं पत्र मागून घेतलं. चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. मला इचारलं, "बनू, समदीच चित्रं काळी हायेत म्हनती का गं?" मी म्हनलं, तसंच लिवलंय.

तवापासून जेवताना भाकरीचा तुकडा मोडतो आन् तसाच ठिवतो. रैवारी उपासना बी आसारामलाच घ्यायला लावली. कवा झालं हुतं का असं? तापानं फनफनत असला तरी उभा ऱ्हायचा. मी परदर्शनाचं काडलं की उठून जातो. परवा लईच लागले मागं, तर म्हनला, "मला जमनार न्हाई बनू. मी त्या चित्रांच्या म्होरं हुबा ऱ्हाऊ शकनार न्हाई."

बापाचा राग हाय दया, पानी मारलं की इझंल. तू आसं कर. मधी मधी दोनचार उजळ चित्रं लाव. एखादं मेंढरू काड, पांढरं. फुलं काड. मंजी मला सांगाया हुईल की समदं काय काळं न्हाई.

तुजी आत्या,
बनुबाई


नगर,
१७ जानेवारी

प्रिय आत्या,

सलाम. मी मेंढरू काढणार नाही. पांढरं नाही, काळं नाही, कोणतंच नाही.

आग्या म्हणजे माशी गं बाई! कड्याला मोहोळ लटकतं ती आग्या माशी! तिच्या पोळ्याचं मेण. जन्मभर त्या कड्याखाली राहिलात सगळे, डोक्यावर घोंगडं घेऊन पळालात त्या माशांपुढून, आणि तुम्हाला आग्या म्हटल्यावर वेताळ आठवतो? ध चा मा केला तो एका बाईनं, तुमच्याकडे अख्ख्या गिरणीनं केला. छबूबाईला सांग, वेताळ मला भेटलाच तर तिचा पत्ता देईन.

तिचं मला काही वाटत नाही आणि आसारामकाकांचंही नाही. त्यांना कॅलेंडरच्या पलीकडे चित्र माहीत नाही. पण आप्पा? त्यांना तरी आग्या म्हणजे काय हे कळायला हवं होतं ना? बरं, नाही कळलं. पण चित्रं न बघताच "त्यांच्यापुढे उभा राहू शकणार नाही"? आत्या, हे वाक्य वाचलं आणि तशीच स्टोव्ह विझवून बसले. लहानपणी त्यांनी माझ्या पाटीवर किती फुल्या मारल्या, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. निदान पाटी वाचून तरी मारायचे. इथे वाचलंच नाही आणि फुली मारून मोकळे.

चौतीस वर्षांची घोडी झाले मी, स्वतःचं कमावून खाते, तरी एका म्हाताऱ्यानं बरं म्हणावं म्हणून जीव टांगणीला लागलाय. याचा मला इतका राग येतोय की काल दोन चित्रं इस्त्रीनं सपाट करून टाकली. चांगली होती.

तेव्हा ऐक. आप्पा येणार नसतील तर मला हे प्रदर्शनच नको. वाचनालयाच्या चिटणिसांना महिनाअखेर कळवायचं आहे, त्यांना सांगून टाकते की हॉल दुसऱ्या कुणाला द्या. रागानं नाही म्हणत. रागानंच म्हणते आहे, पण खरं आहे. आप्पांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली ती चित्रं मी चारचौघांपुढे हसऱ्या तोंडानं दाखवू शकत नाही.

तू जेव वेळेवर. त्यांनाही जेवायला घाल.

दया


जांभळदरा,
२५ जानेवारी

दया, बाळा,

हॉल सोडला नसशील तर सोडू नको. आदी हे वाच. आपन दोघी बी येड्या, साप साप म्हून भुई धोपटत बसलो.

तुझं पत्र आलं तवा माझं डोस्कं फिरलं. दादा ओट्यावर बसला हुता. मी म्हनलं, आज काय ते तुकडाच पाडते. म्हनलं, "आरं, शाळा शिकवली ना तू जन्मभर? आग्या मंजी माशी हाय, येताळ न्हाई, येवढं कळंना व्हय तुला? पोर तिकडं परदर्शन बंद कराया निघाली!" तर माझ्याकडं टकामका बघाय लागला. म्हनला, "मला काय माशी ठावं न्हाई? कानिफनाथ मेन घेऊन नगरला निगतो तवा त्याला पिशवी कोन देतं? मीच देतो."

आता बोल! मी म्हनलं, मग घोडं पेंड कुटं खातंय? येताळाचा राग न्हाई, तर कशाचा हाय?

तर म्हनला, "राग कशाचा गं. राग असता तर बरं हुतं." आन् हात करून ती कडंची खोली दाखवली, आता आपन कडबा ठिवतो ती. तुला आठवतं का गं दया? तू सहा वर्साची असताना तुला गोवर निगाला हुता, तो डोळ्यात उतारला. डाक्तर म्हनलं, उजेड दिसला तर डोळं जात्याल. मी तवा नगरला दवाखान्यात आया हुते, मला रजा मिळाली न्हाई, म्हून हे कायच मी डोळ्यानं बघितलं न्हाई. दादानं तुला त्या खोलीत ठिवलं. खिडकीला घोंगडी ठोकली, दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. महिनाभर पोर काळोखात.

दादा म्हनला, "बनू, ती दारावर डोस्कं आपटायची. आप्पा उघडा, आप्पा उघडा. मी भाईर दाराला पाठ लावून बसायचो आन् उघडायचो न्हाई. डोळं वाचलं. पन त्या अंधारात पोरीला मी कायतरी करून बसलो. तवा जे तिच्यात शिरलं ते अजून निघालं न्हाई. आज ती चौतीस वर्साची झाली तरी अंधारच काडती, उलटी मानसं काडती. लोक म्हनत्यात येताळ. मला ठावं हाय तो येताळ कोन. मी कोनत्या तोंडानं त्या चित्रांम्होरं हुबा ऱ्हाऊ?"

असं म्हनला आन् रडला गं. बायको गेली तवा बी मानसांत रडला न्हाई हा गडी.

आता तू मला खरं काय ते लिव. त्या अंधाराचा तुला तरास हुतो का? हुत असंल तर मला येकटीला सांग, मी कुनाला बोलनार न्हाई. पन दादाला मातर 'न्हाई' म्हून लिव. देव मला माफ करंल, खोटं असलं तरी लिव. मानूस झिजत चाललाय.

बनुआत्या


नगर,
२८ जानेवारी

प्रिय आप्पा,

आदरपूर्वक सलाम.

आत्यानं मला सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका. हे पत्र तुम्ही स्वतः वाचा, चष्मा लावून, आणि छबूबाई जवळपास नसताना.

आप्पा, मी रडले हे खरं. दारावर डोकं आपटलं हेही खरं. पण ते पहिले तीन-चार दिवस. मग मी रडायची थांबले, ते तुम्हाला आठवतं का? तुम्हाला वाटलं असेल पोर दमली. मी दमले नव्हते. मला काहीतरी सापडलं होतं आणि तुम्हाला ते कळू नये म्हणून मी गप्प झाले होते.

तुम्ही ठोकलेल्या घोंगडीला कसरीनं खाल्लेलं एक भोक होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं असेल. एका दुपारी मी पडल्या पडल्या समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होते, तर तिथे काहीतरी हललं. आपली तांबडी गाय! पाय वर, पाठ खाली, शेपूट हलवत भिंतीवरून चालली होती. मी ओरडणार होते, पण तेवढ्यात तिच्यामागून आसारामकाका आले, डोक्यावर चालत, धोतर आभाळाकडे! आप्पा, मी तोंडात पदर, म्हणजे परकर कोंबून हसले.

मग रोज. दुपार झाली की आपलं सगळं अंगण भींतीवर यायचं. कोंबड्या उलट्या, बाभळ उलटी, पाण्याला चाललेल्या बाया उलट्या आणि घागरीतून पाणी सांडत नाही! सहा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं? तुम्ही रोज सकाळी येऊन घोंगडी चाचपून बघायचात, कुठून उजेड येतो का म्हणून. तुम्ही यायच्या आधी मी भाकरी चावून त्याचा गोळा त्या भोकात बसवायची. तुम्ही गेलात की काढायची. कळलं असतं तर तुम्ही ठिगळ लावलं असतं, हो ना?

महिन्यानं तुम्ही मला उचलून बाहेर आणलंत तेव्हा मी भोकाड पसरलं. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, उजेडानं डोळे दुखताहेत. डोळे नव्हते दुखत. मला परत आत जायचं होतं.

पुढे सातवीत तुम्ही आम्हाला शिकवलंत, प्रकाश सरळ रेषेत जातो. खोक्याला भोक पाडून मेणबत्तीची उलटी ज्योत कागदावर दाखवलीत. वर्ग टाळ्या पिटत होता, मी गप्प बसले होते. तुम्ही म्हणालात, "दयाचं लक्ष नाही." माझ्याइतकं लक्ष त्या वर्गात कुणाचं नव्हतं, आप्पा. पण तेव्हा बोलले असते तर भाकरीच्या गोळ्याबद्दल छडी बसली असती.

ती चित्रं म्हणजे हे आहे. वेताळ नाही, भूत नाही. आपलंच अंगण आहे. काळं अशासाठी, की खोली काळी होती. आत काळोख नसता तर भिंतीवर काही दिसलंच नसतं. मेणावर काजळी फासून दाभणानं खरवडते तेव्हा मला अगदी तसंच वाटतं, त्या काळ्यातून काहीतरी हलत बाहेर येतंय. मी घाबरून ती चित्रं काढत नाही. मला त्यात सुख लागतं.

आत्यानं मला सांगितलंय की खोटं असलं तरी 'त्रास होत नाही' असं लिही. मी तुमची मुलगी आहे, मला खोटं लिहिता येत नाही, शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या येतात. तुम्ही माझे डोळे वाचवलेत. बाहेर दाराला पाठ लावून बसला होतात हे मला माहीत नव्हतं. आत्याच्या पत्रात ते वाचलं आणि मग शाळेतच गेले नाही.

हॉल मी अजून सोडलेला नाही, पत्रिकेची छपाईही थांबवून ठेवली आहे. याल का?

तुमची,
दया


जांभळदरा,
२ फेब्रुवारी १९७४

चि. दयास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. तीनदा वाचले. एके ठिकाणी 'भिंत' दीर्घ लिहिली आहेस. ऱ्हस्व पाहिजे.

घोंगडीला भोक होते ही गोष्ट तू अठ्ठावीस वर्षे लपवून ठेवलीस हे बरे केले नाहीस. डोळ्यांना अपाय झाला असता. असो.

खिडकी पूर्वेची आहे. त्याअर्थी अंगणावर समोरून ऊन दुपारनंतर पडते, व आकृती तेव्हाच स्पष्ट दिसली पाहिजे. तूही दुपार असेच लिहिले आहेस. तेव्हा तुझे म्हणणे मला खरे वाटले. तरीही खात्री करावी म्हणून काल त्या खोलीतील कडबा काढविला, खिडकीस घोंगडी लावली, भोक पाडले व मी आणि बनू आत बसलो. दहा मिनिटे काही दिसेना. नंतर डोळे सरावले. प्रथम बाभळ दिसली. मग आसाराम मला हाका मारीत अंगणात आला. तो डोक्यावर चालत होता. बनू इतक्या मोठ्याने ओरडली की तो पळून गेला. मी पुष्कळ हसलो. नंतर थोडा वेळ एकटाच आत बसलो.

आज दोन भाकरी खाल्ल्या, असे तुला कळवावे अशी बनूची आज्ञा आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. पत्रिकेवर माझ्या नावामागे 'रेव्हरंड' वगैरे छापू नये. 'शमुवेल मास्तर' पुरे.

तुझा,
आप्पा


नगर,
१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सलाम. शेळीला काय झालं, पाट की बोकड? अगदी नेमकी त्याच दिवशी व्यायला बसली! तुझ्याशिवाय सगळं पार पडलं, पण तू हवी होतीस. आप्पा आणखी दोन दिवस इथेच राहतात. माझ्या घरमालकिणीला प्रकाशाचे नियम समजावताहेत.

सगळं सांगते. शनिवारी लोक बरेच आले. तुमच्या वाडीतलीच दहाबारा माणसं होती, छबूबाई सगळ्यांत पुढे. ती हॉलभर फिरली, एकेका चित्राला नाक लावून बघितलं आणि मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "त्यो कुटं ठिवला हाय?" मी म्हटलं, तो आलाच नाही. चक्क हिरमुसली!

आप्पांनी प्रार्थना केली, लहानशी. मग डोळे उघडले आणि पहिल्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले. दुसरं चित्र. तिसरं. हॉलमधले लोक चित्रं सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. आणि मग त्यांनी काय केलं माहीत आहे? कोटाचं बटण काढलं, चित्राकडे पाठ केली, धोतर सावरलं आणि खाली वाकून दोन पायांच्या मधून मागे बघायला लागले! अडुसष्टाव्या वर्षी! मी "आप्पा!" म्हणून धावले, मला वाटलं चक्कर आली. तर खालूनच म्हणतात, "दया, आता सरळ दिसतंय. ही आपली बाभळ. हा आसाराम. धोतर अगदी त्याचंच."

मग काय विचारतेस! आसारामकाका स्वतः वाकले, "कुटं हाय, कुटं हाय?" करत. वाडीची सगळी माणसं वाकली. आमच्या हेडबाईंनी नऊवारी घट्ट धरून दोनदा प्रयत्न केला. चिटणीस जिन्यातून वर आले तर समोर अख्खा हॉल वाकलेला. माझी भीती, राग, महिनाभराचं रडगाणं, सगळं त्या हसण्यात वाहून गेलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ती तुला माहीत नाही, आणि मलाही नव्हती.

शेवटच्या भिंतीवर मी सगळ्यांत मोठं चित्र लावलं होतं. त्या महिन्यात भिंतीवर रोज एक बाई यायची. बाकी सगळे चालायचे, जायचे यायचे. ती नुसती उभी राहायची, अंगणाच्या मधोमध, उन्हात. लांब होती म्हणून बोटभर दिसायची, चेहरा कळायचा नाही, आणि तिच्या एका अंगाला कुबड होतं. मला तिची भीती वाटायची. तेवढी एकच भीती, आप्पांना लिहिताना मी तिला वगळलं होतं. मोठी झाल्यावर तिला किती वेळा काढलं असेल! खाली कागद लावला होता, 'कुबडी'.

आप्पा तिच्यापुढे वाकले आणि वरच येईनात. मी हात द्यायला गेले तर त्यांनी माझाच हात धरून मला खाली ओढलं. मीही वाकले. आम्ही दोघं तसेच, उलटे. मला म्हणाले, "कुबड कुठलं गं? कडेवर शांतवन आहे."

आत्या, मला आधी समजेचना. मग म्हणाले, "तुझी आई आहे ही. तुझा भाऊ तेव्हा तान्हा. त्याला गोवर लागेल म्हणून मी तिला खोलीपाशी फिरकू देत नव्हतो. तर रोज भांडी आटोपली की त्याला कडेवर घेऊन अंगणात येऊन उभी राहायची. मी म्हणायचो, अगं, तिला तू दिसत नाहीस, कशाला उन्हात उभी राहतेस? तरी यायची."

मी तिथेच फरशीवर बसले आणि सगळ्या लोकांसमोर रडले. आपल्या घरात हे मी कधी कुणाला बोलले नाही, पण माझ्या मनात कायम होतं की त्या महिन्यात आई एकदाही आली नाही. आप्पा जेवण घेऊन यायचे, ती नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही आणि मग ती गेली. आणि ती तर रोज येत होती! मी रोज तिला बघत होते आणि घाबरून पांघरूण ओढून घेत होते.

आप्पा माझ्या शेजारी बसून राहिले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही, ते त्यांना जमत नाही हे तुला माहीतच आहे. रुमाल दिला आणि म्हणाले, "चेहरा काढला नाहीस ते बरोबर केलंस. त्या अंतरावरून दिसणार नाही." मग बराच वेळ दोघंही हसत होतो आणि रडतही होतो.

ते चित्र घ्यायला रविवारी एक डॉक्टर आले होते. मी दिलं नाही. 'कुबडी'चा कागद काढून टाकलाय, नवा काही लावलेला नाही. आप्पा मला म्हणतात, "चित्र घरी आणायचं. सुट्टीत येशील तेव्हा एसटीत उभं धर, मेण आहे, उन्हात ठेवू नकोस."

शांतवनला आजच पुण्याला पत्र टाकते आहे. तो बिचारा कारखान्यात पाळ्या करतोय, त्याला काय माहीत की इतकी वर्षं मी त्याला कुबड म्हणून काढत होते.

तुझी,
दया